दार्ष्टांतिकाविना दृष्टांत : मराठी कथेतील प्रतिमा आणि खुला शेवट

सारांश

मराठी कथेच्या इतिहासात प्रतिमेचे वाढते सामर्थ्य आणि शेवटाचा वाढता खुलेपणा या दोन घटना स्वतंत्र नाहीत. कथेचा अर्थ सांगण्याचे काम पूर्वी बोधाकडे आणि पुढे कथानकाच्या कलाटणीकडे होते. ते प्रतिमेकडे आले तेव्हाच कथेला शेवट मोकळा ठेवणे शक्य झाले. महानुभाव दृष्टांतापासून एकविसाव्या शतकातील कथेपर्यंतच्या या स्थित्यंतराचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. तसेच खुल्या शेवटावर घेतले गेलेले आक्षेप आणि महाविद्यालयीन अध्यापनात त्याची होणारी हानी यांचाही विचार केला आहे.

प्रास्ताविक

कथा वाचून झाल्यावर ‘पुढे काय झाले?’ असा प्रश्न वाचकाच्या मनात उरला, तर ती कथा फसली असे एके काळी मानले जाई. आज असा प्रश्न उरणे हे अनेकदा कथेच्या यशाचे लक्षण समजले जाते. रसिकतेतील हा बदल आपोआप घडलेला नाही. त्यामागे नियतकालिकांचा इतिहास आहे, समीक्षेतील वाद आहेत आणि बदललेले जीवनही आहे. ‘खुला शेवट’ ही संज्ञा मात्र पुष्कळदा सैलपणे वापरली जाते. अर्धवट सोडलेली कथा आणि खुली सोडलेली कथा यांत भेद आहे. त्या भेदाची जाणीव नसेल तर आस्वाद पसरट होतो आणि अध्यापनही यांत्रिक बनते. हा भेद सैद्धांतिक व्याख्येपेक्षा इतिहासाच्या आधारे अधिक स्पष्ट होतो, म्हणून येथे ऐतिहासिक मार्ग स्वीकारला आहे.

दृष्टांत, कहाणी आणि बोध

मराठी गद्याच्या आरंभकाळातच या प्रश्नाचे मूळ सापडते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झालेल्या महानुभाव वाङ्मयात ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथाला महत्त्वाचे स्थान आहे. त्याची रचना सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी त्रिविध आहे. सूत्रात तत्त्व येते, दृष्टांतात ते तत्त्व एखाद्या चित्रमय प्रसंगातून दिसते आणि दार्ष्टांतिकात त्या प्रसंगाचा अर्थ उलगडला जातो. सूत्र आणि दृष्टांत हे श्रीचक्रधरांचे, तर दार्ष्टांतिक ही संकलक केसोबासांची रचना, असे सामान्यतः मानले जाते. आंधळ्यांनी हत्ती चाचपण्याचा प्रसिद्ध दृष्टांत याच परंपरेतील आहे. प्रत्येक आंधळ्याच्या हाती हत्तीचा एकेक अवयव लागतो आणि तेवढ्यालाच तो हत्ती समजतो. हे चित्र इतके ठसठशीत आहे की त्याच्या स्पष्टीकरणाची गरज कलेच्या दृष्टीने भासत नाही. धर्मग्रंथाच्या दृष्टीने मात्र ती भासते, कारण अर्थ भलतीकडे जाऊ देणे शास्त्राला परवडणारे नसते.

या रचनेत एक अर्थपूर्ण विभागणी दिसते. सांगणाऱ्याने प्रतिमा दिली आणि जतन करणाऱ्याने तिचा अर्थ बांधून दिला. पुढील सातशे वर्षांच्या मराठी कथनपरंपरेवर या विभागणीची छाया आहे. व्रतवैकल्यांच्या कहाण्यांनी ‘सुफळ संपूर्ण’ होणे हा आपला धर्म मानला. उतल्यामातल्याला शासन आणि वसा पाळणाऱ्याला फळ, एवढा हिशेब पुरा झाल्याखेरीज कहाणी उठत नसे. एकोणिसाव्या शतकात छापील गोष्ट अवतरली तीही याच वळणाने. ‘इसापनीती’च्या भाषांतरातील प्रत्येक गोष्टीमागोमाग तात्पर्य येऊ लागले. शालेय शिक्षणात ही पद्धत रुजली आणि ‘गोष्ट म्हणजे तात्पर्य’ हे समीकरण मराठी वाचकाच्या मनात बालपणापासून पक्के झाले. दार्ष्टांतिकाने नवे नाव घेतले, इतकेच.

‘संपूर्ण गोष्ट’ आणि तंत्राचा काळ

आधुनिक मराठी कथेचा पाया हरिभाऊ आपटे (१८६४–१९१९) यांनी घातला. १८९० साली सुरू झालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून त्यांनी ‘स्फुट गोष्टी’ लिहिल्या. ‘काळ तर मोठा कठीण आला’ या दुष्काळावरील कथेत त्यांचे वास्तवभान प्रकर्षाने दिसते. सुधारणेचा हेतू मात्र त्यांच्या कथालेखनात नेहमी जागा असतो. १८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी सुरू केलेल्या ‘मासिक मनोरंजन’ने कथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. १९०९ साली याच मासिकाने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली आणि पुढील शंभर वर्षे मराठी कथेला हक्काचे घर मिळाले.

‘मनोरंजन’च्या काळात वि. सी. गुर्जर (१८८५–१९६२) यांच्या नावाशी ‘संपूर्ण गोष्ट’ हा प्रकार जोडला गेला. या नावाकडे समीक्षेने अधिक लक्ष द्यायला हवे. क्रमशः छापल्या जाणाऱ्या कादंबरीचा वाचक महिनाभर ताटकळत राही. त्याच अंकात एक तरी गोष्ट आरंभापासून अखेरपर्यंत वाचायला मिळावी, ही अपेक्षा या नावातून व्यक्त होते. संपूर्णता हा येथे प्रथम कलाविषयक निकष नव्हता. नियतकालिक आणि वर्गणीदार यांच्यातील तो एक व्यावहारिक करार होता. त्या कराराने कथेच्या शेवटाला विलक्षण महत्त्व आणले. गैरसमज, योगायोग, रहस्य आणि उकल यांची मांडणी शेवटाच्या दिशेने होऊ लागली.

ना. सी. फडके (१८९४–१९७८) यांनी या मांडणीला शास्त्राचे रूप दिले. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथाने ललितलेखनाच्या तंत्राची चर्चा मराठीत रूढ केली. परिणामाची एकता हे तत्त्व एडगर ॲलन पो यांनी १८४२ साली हॉथॉर्न यांच्या कथांचे परीक्षण करताना मांडले होते. त्या विचारसरणीची मराठी आवृत्ती फडके यांच्या काळात प्रस्थापित झाली. आकर्षक प्रारंभ, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू आणि चमत्कृतिपूर्ण शेवट हा आराखडा कथालेखकाला हाताशी मिळाला. मोपासाँ आणि ओ. हेन्री यांच्या कथांतील कलाटणी हा त्याचा आदर्श होता. या टप्प्यावर बोधाची जागा कलाटणीने घेतली. परंतु दोघांचे कार्य एकच राहिले. वाचकाच्या मनातील सर्व प्रश्न मिटवून त्याला समाधानाने घरी पाठवणे, हे ते कार्य होय.

फडके यांनी कथेला दिलेली शिस्त नाकारण्याचे कारण नाही. पाल्हाळ आणि उपदेश यांतून कथा मुक्त झाली ती या शिस्तीमुळेच. मात्र या कथेत वर्णने पुष्कळ असली तरी प्रतिमा क्वचितच आढळते. टेकडी, चांदणे, पात्रांचा पोशाख हे सारे नीटस असते, पण ते प्रसंगाच्या मागे लावलेल्या पडद्यासारखे राहते. पडदा काढला तरी कथानकाचे काही बिघडत नाही. याच काळात वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांनी रूपककथा हा प्रकार विकसित केला. तेथे प्रतिमा केंद्रस्थानी आली खरी. परंतु तिचा अर्थ बहुधा निश्चित असे. फूल, तारा, नदी, दगड यांच्या मुखातून जीवनाचे तत्त्व प्रकट होई. दृष्टांत परतला, पण दार्ष्टांतिकाचे बोट धरूनच परतला.

पूर्वसूरींचे प्रयोग

या मुख्य प्रवाहाच्या कडेने दुसरी एक धारा वाहत होती. दिवाकर कृष्ण (१९०२–१९७३) यांच्या ‘अंगणातला पोपट’ या १९२२ सालच्या कथेने घटनेपेक्षा मनःस्थितीला महत्त्व दिले. ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ (१९२७) या त्यांच्या संग्रहात व्याकूळ भाववृत्ती हीच कथेची घडण ठरवते. वामन चोरघडे (१९१४–१९९५) यांनी कथेत भावगीताची तरलता आणली. कुसुमावती देशपांडे (१९०४–१९६१) यांनी ‘दीपकळी’, ‘दीपदान’ आणि ‘मोळी’ या संग्रहांतून कथानकाचा आग्रह जवळजवळ सोडून दिला. जीवनाच्या एखाद्या कवडशावर दृष्टी स्थिर करावी आणि कवडसा सरकताच थांबावे, असे त्यांच्या कथेचे स्वरूप आहे. नवकथेच्या पूर्वसूरी म्हणून त्यांचा उल्लेख वारंवार होतो. १९६१ साली ग्वाल्हेर येथील मराठी साहित्य संमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष झाल्या, यावरून त्यांच्या अधिकाराची कल्पना यावी.

या लेखकांनी शेवटाचा दरवाजा किलकिला केला. तो पूर्ण उघडण्यासाठी नवी संवेदनशीलता, ती समजून घेणारा संपादक आणि तिला शब्द देणारी समीक्षा अशा तीन गोष्टी आवश्यक होत्या. १९४० नंतरच्या दशकात त्या एकत्र आल्या.

नवकथा : प्रतिमा अर्थवाहक होते

दुसरे महायुद्ध, महागाई व रेशनिंग, फाळणी आणि मुंबईसारख्या महानगरातील कोंदट मध्यमवर्गीय जीवन या पार्श्वभूमीवर नवकथा जन्मली. गंगाधर गाडगीळ (१९२३–२००८), अरविंद गोखले (१९१९–१९९२), पु. भा. भावे (१९१०–१९८०) आणि व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) ही तिची चार प्रमुख नावे. १९४३ साली निघालेले बडोद्याचे ‘अभिरुची’ आणि मुंबईचे ‘सत्यकथा’ ही तिची व्यासपीठे. गाडगीळ, जी. ए. कुलकर्णी, सदानंद रेगे आणि ‘सत्यकथे’चे संपादक श्री. पु. भागवत हे चौघेही १९२३ सालचे. युद्ध संपले तेव्हा बाविशीत असलेल्या या पिढीला जुन्या कथेतील गोड समेट खोटे वाटू लागले, यात नवल नाही.

त्याच वेळी बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) यांच्या कवितेने आणि सौंदर्यविचाराने प्रतिमेकडे पाहण्याची दृष्टी पालटली. ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहातील यंत्र, उंदीर, पिंप यांसारख्या प्रतिमांनी काव्यविषयाच्या रूढ कल्पना उधळून लावल्या. त्यांची ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संकल्पना कथेच्या संदर्भातही मोलाची आहे. बाह्यतः भिन्न असणाऱ्या दोन गोष्टी त्यांच्याशी निगडित भावनेच्या समानतेमुळे एकत्र येतात, असा तिचा आशय आहे. उपमा वस्तूचे रूप स्पष्ट करते. प्रतिमा अनुभवाचा स्वभाव प्रकट करते. हा भेद ध्यानात आल्यावर कथाकाराला स्पष्टीकरणाची गरज उरली नाही.

संग्रहांच्या आणि कथांच्या शीर्षकांवरूनही हा पालट सहज लक्षात येतो. गाडगीळांची ‘कडू आणि गोड’, ‘तलावातले चांदणे’, ‘बिनचेहऱ्याची संध्याकाळ’, गोखल्यांची ‘कातरवेळ’, रेग्यांची ‘जीवनाची वस्त्रे’ आणि ‘काळोखाची पिसे’ ही शीर्षके घटना सांगत नाहीत, बोधही करत नाहीत. ती एक इंद्रियसंवेदना वाचकापुढे ठेवतात. ‘बिनचेहऱ्याची’ हे विशेषण संध्याकाळीला लागते तेव्हा वेळ, शहर आणि त्यात वावरणारा माणूस या तिघांचीही ओळख एकाच शब्दात पुसली जाते. अशा कथेला शेवटी ओळख पटवून देणारी कलाटणी जोडली तर शीर्षकानेच तिला नाकारावे.

माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधील ‘धर्मा रामोशी’ या व्यक्तिचित्रणात्मक कथेचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. दारिद्र्याने गांजलेल्या धर्माला निवेदक धोतर देतो. पुढे ते धर्माच्या अंगावर दिसत नाही, म्हणून निवेदकाच्या मनात रोष उत्पन्न होतो. अखेरीस ते धोतर धर्माच्या मुलीने नेसलेले दिसते. एका वस्त्राच्या दर्शनाने निवेदकाचा रोष निरर्थक ठरतो आणि दारिद्र्याचे खरे माप वाचकाला कळते. घटनेच्या दृष्टीने ही उकलच आहे, कारण धोतराचे काय झाले ते कळते. तथापि त्या मुलीचे पुढे काय आणि दिलेल्या दानाचे मोल किती, हे प्रश्न त्याच क्षणी सुरू होतात. लेखक त्यांवर भाष्य करीत नाही. जुन्या तंत्रातील कलाटणी आणि नव्या कथेतील प्रतिमा यांचा सांधा या ठिकाणी स्पष्ट दिसतो : एकच वस्तू कथानकाची गाठ सोडवते आणि अर्थाची गाठ घट्ट करते.

दि. बा. मोकाशी (१९१५–१९८१) यांची ‘आता आमोद सुनासि आले’ ही कथा याच प्रक्रियेचे अधिक प्रगल्भ रूप होय. शीर्षक ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’ची आठवण करून देणारे आहे. तरुण मुलाच्या मृत्यूने कोसळलेला रामजी, संततधार पाऊस आणि अडलेली गाय एवढ्या सामग्रीवर कथा उभी आहे. गायीची सुटका करण्यासाठी रामजी शोकातून उठतो. मृत्यूच्या कथेत जन्माची घटना येते; परंतु जन्माने मृत्यूची भरपाई झाली असा हिशेब कथा मांडत नाही. रामजीचे दुःख संपले की त्याला केवळ क्षणभर वाट मिळाली, हे वाचकाने ठरवायचे असते. वारकरी परंपरेतील तत्त्वज्ञान येथे सूत्र म्हणून पाठीशी आहे, दृष्टांत समोर आहे आणि दार्ष्टांतिकाची जागा रिकामी आहे. सुमित्रा भावे यांनी याच कथेवरून ‘दिठी’ हा चित्रपट केला, यावरून या कथेची दृश्यात्मक शक्ती प्रत्ययाला येते.

जी. ए. कुलकर्णी : दृष्टांताचे पुनरागमन

धारवाड येथे इंग्रजीचे अध्यापन करणारे जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांच्या कथेत प्रतिमा आणि अनिर्णय यांचे नाते सर्वांत गाढ झाले. ‘निळासावळा’ (१९५९), ‘हिरवे रावे’ (१९६२), ‘रक्तचंदन’ (१९६६), ‘काजळमाया’ (१९७२) ही शीर्षकेच रंगांनी भारलेली आहेत. आरंभीच्या कथांत बेळगाव-धारवाड परिसरातील माणसांची होरपळ आहे. उत्तरकालीन कथांत अनाम नगरे, वाळवंटे, मंदिरे आणि प्रवासी आहेत. ‘रमलखुणा’ (१९७५) या संग्रहात ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा आहेत. रमल म्हणजे भविष्यकथनाची विद्या. तिच्या खुणा समोर असतात, पण त्यांचा अर्थ लावणारा चुकूही शकतो. जीएंच्या समग्र कथेलाच हे नाव शोभले असते.

‘पिंगळावेळ’ (१९७७) मधील ‘स्वामी’ ही कथा या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. एका वाटसरूला मठात आणले जाते आणि ‘स्वामी’ म्हणून भूमिगत दालनात कायमचे कोंडले जाते. त्याला सर्व सुखसोयी मिळतात, फक्त बाहेर पडता येत नाही. त्या बंदिवासात तो एक वेल वाढवतो आणि ती वेल झरोक्याच्या वाटेने वर उजेडाकडे निघते. कैद्याची सुटका हा येथे कथानकाचा स्वाभाविक प्रश्न आहे. फडके यांच्या पद्धतीच्या कथेने त्याचे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर दिले असते. जीए तो प्रश्न वेलीकडे सोपवतात. माणूस आत आहे आणि त्याने वाढवलेले काहीतरी बाहेर पोचते आहे. ही मुक्ती मानावी, की मुक्तीचा आभास, की सर्जनाची किंमत? प्रतिमा या सर्व शक्यतांना आधार देते आणि एकीलाही शेवटचा शब्द बोलू देत नाही. वेल काढून टाकली तर कथा केवळ एका क्रूर फसवणुकीची हकिकत उरेल.

‘सांजशकुन’ (१९७५) मधील ‘अस्तिस्तोत्रा’सारख्या लहान रचनांत तर जीए उघडपणे दृष्टांताच्या प्राचीन रूपाकडे वळतात. निवेदन प्राचीन कथांसारखे भारदस्त, वस्तू मोजक्या, पात्रांना बहुधा नावे नाहीत. प्रत्येक ठिकाणी ‘याचा अर्थ काय?’ हा प्रश्न उद्भवतो, पण उत्तर देणारा केसोबास तेथे नसतो. मराठी कथा सातशे वर्षांनी आपल्या मूळ रूपाकडे परतली ती या बदलासह. संकलकाचे काम वाचकावर आले. कमल देसाई (१९२८–२०११) यांच्या ‘काळा सूर्य’ने आणि विलास सारंग (१९४२–२०१५) यांच्या ‘सोलेदाद’ (१९७५) ने या अनिर्णयाला अनुक्रमे स्त्रीच्या अस्तित्वशोधाचे आणि दुःस्वप्नासारख्या आधुनिक वास्तवाचे परिमाण दिले.

आक्षेपांचा विचार

या प्रवासाला आव्हान मिळाले नाही असे नाही. खुला शेवट ही लेखकाची सोय तर नाही ना, आणि प्रतिमांचे वैभव हे वास्तवापासून दूर जाण्याचे साधन तर नाही ना, असे प्रश्न साठोत्तरी काळात तीव्रतेने विचारले गेले. १९६९ साली राजा ढाले यांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची जाहीर होळी केली. तिच्यामागे एका विशिष्ट वर्गाच्या अभिरुचीविषयीचा संताप होता. भालचंद्र नेमाडे यांनी कथा या वाङ्मयप्रकाराच्या मर्यादांवरच बोट ठेवले आणि रूपवादी समीक्षेने तिला दिलेली प्रतिष्ठा नाकारली. जीवनाचा व्यापक पट टाळून क्षणाची नजाकत सांभाळणारी कथा समाजाला काय देते, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा म्हणता येईल.

बाबूराव बागूल (१९३०–२००८) यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेने या वादाला सर्जनशील उत्तर दिले. जात लपवून राहिलेल्या नायकाला अखेर मारहाण होते. सुटका झाल्यावर तो मारणाऱ्या माणसांना दोष देत नाही. आपल्याला मारणारा मनू आहे, अशी त्याची धारणा व्यक्त होते. घटना संपलेली आहे, अन्यायाचे नावही घेतलेले आहे. लेखक येथे अनिर्णयाचा आश्रय घेत नाही, कारण जातीय हिंसेविषयी अनिर्णित राहणे ही त्या लेखकाला परवडणारी चैन नव्हती. तरीही कथा बंद होत नाही. शेकडो वर्षांपूर्वीचा स्मृतिकार आजच्या हातांनी मारतो, ही प्रतिमा वाचकाला आरोपीच्या पिंजऱ्याजवळ नेऊन उभी करते. कथेतील प्रश्नाचे उत्तर कथेबाहेरच्या समाजाने द्यायचे आहे. खुलेपणाचा हा दुसरा प्रकार होय. नवकथेत अर्थ खुला राहतो, तर येथे अर्थ निश्चित असून दायित्व खुले राहते.

या भेदाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे समीक्षेत एक एकांगीपणा आला. संदिग्ध शेवट तो कलात्मक आणि स्पष्ट शेवट तो प्रचारकी, अशी सोपी वाटणी होऊ लागली. दलित आणि ग्रामीण कथेचे मूल्यमापन त्यामुळे दीर्घकाळ संकुचित राहिले. वस्तुतः शेवटाचा खुलेपणा हा स्वयंसिद्ध गुण नाही. कथेत उभा केलेला प्रश्न कोणाच्या अखत्यारीतला आहे, यावर त्याची योग्यता ठरते.

१९८२ साली मुंबईतील गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला आणि त्याच वर्षी ‘सत्यकथा’ बंद पडले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. पण एका शहराचे आणि एका वाङ्मयीन पर्वाचे रूप एकाच सुमारास पालटले, हे लक्षणीय आहे. त्या पालटाची कथा पुढे जयंत पवार (१९६०–२०२१) यांनी लिहिली. साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ (२०१०) या शीर्षकात फिनिक्स पक्ष्याची मिथककथा आणि मॉल झालेली फिनिक्स मिल ही दोन्ही एका प्रतिमेत सामावली आहेत. राखेतून फिनिक्सच उठावा ही पुराणकथेची अपेक्षा. येथे मात्र दुसराच, दिमाखदार पक्षी उठतो. सामाजिक वास्तवाचा आग्रह आणि प्रतिमेची अनेकार्थता परस्परविरोधी नाहीत, हे या शीर्षकावरूनही कळते.

अध्यापनातील दार्ष्टांतिक

या इतिहासाचा महाविद्यालयीन अध्यापनाशी निकटचा संबंध आहे. लेखकांनी कष्टाने दूर केलेले दार्ष्टांतिक वर्गात पुन्हा प्रवेश करते. ‘कथेतून मिळणारा संदेश स्पष्ट करा’, ‘वेल कशाचे प्रतीक आहे ते सांगा’ अशा स्वरूपाच्या प्रश्नांना मार्गदर्शिकांत चार ओळींचे तयार उत्तर मिळते. विद्यार्थी ते पाठ करतो, परीक्षक त्याला गुण देतो आणि कथा न वाचताही कथा ‘पूर्ण’ होते. प्रतिमेचे प्रतीकात आणि प्रतीकाचे व्याख्येत रूपांतर करणे म्हणजे ‘स्वामी’तील वेलीला पुन्हा तळघरात ओढणे होय.

‘प्रत्येकाला वाटेल तो अर्थ’ ही भूमिकाही तितकीच अपुरी आहे. आंधळ्यांच्या दृष्टांतात प्रत्येकाला हत्तीचा अंश गवसतो, पण कोणाच्याही हाती घोडा लागत नाही. खुला शेवट काही शक्यता जिवंत ठेवतो आणि काही निश्चितपणे वगळतो. यासाठी अध्यापनात तीन प्रश्न उपयुक्त ठरू शकतात. शेवटी आलेली प्रतिमा कथेत पूर्वी कोठे आणि कोणत्या रूपात आली होती? शेवटानंतर कोणता प्रश्न उरतो आणि तो पात्राचा आहे, वाचकाचा आहे की समाजाचा? कोणता अर्थ संहितेच्या आधारे नाकारावा लागतो? या प्रश्नांची उत्तरे कथा वाचल्याशिवाय देता येत नाहीत, हीच त्यांची उपयुक्तता. अर्धवट कथा आणि खुली कथा यांतील फरकही त्यांतून ध्यानात येतो. अर्धवट कथेतील शेवटची प्रतिमा मागे वळून पाहत नाही. ती केवळ थांबलेली असते. खुल्या कथेतील शेवटची प्रतिमा आधीच्या प्रत्येक तपशिलाला नवा प्रकाश देते.

निष्कर्ष

मराठी कथेने तात्पर्य, कलाटणी आणि प्रतिमा अशा तीन आधारांवर आपला शेवट वेळोवेळी पेलला. पहिल्या दोहोंनी वाचकाला निश्चिंत केले, तिसऱ्याने त्याला सहभागी करून घेतले. हे स्थित्यंतर नियतकालिकांच्या व्यवहारातून, युद्धोत्तर जीवनानुभवातून आणि मर्ढेकरप्रणीत सौंदर्यविचारातून साकारले. दलित कथेने त्याला नैतिक दायित्वाची जोड दिली आणि खुलेपणाची व्याप्ती वाढवली. केसोबासांनी दार्ष्टांतिक लिहिले ते श्रीचक्रधरांच्या वचनावरील निष्ठेपोटी. आजच्या अध्यापकाची निष्ठाही कथेवरच असायला हवी. मात्र तिचे रूप वेगळे असेल. दार्ष्टांतिकाची रिकामी जागा स्वतः न भरता ती विद्यार्थ्याला दाखवून देणे, एवढे त्याने केले तरी कथेचे वर्गातील आयुष्य वाढेल.